निघण्याआधीचं एक मिनिट

मोरेश्वर गेल्याचा फोन आला तेव्हा मी साकोलीच्या बाजारात, माझ्या वाडीतलं एक वांगं चार किलोचं निघालं हे दोघांना पटवून देत होतो. थाप अर्धीच राहिली... जन्मात पहिल्यांदा.

आमच्या एकोडीत धान सगळ्यांनाच पिकवता येतं, रशियन एकट्या मोरेश्वरला यायचं. नागपूरला विद्यापीठात पाच वर्षं शिकून आला, तेव्हा याच्या बैलांनाही आता मराठी कळत नाही, असं मीच उठवलं होतं. "काय भेटलं बे तुले त्या भाषेतून?" म्हटलं की तो सांगायचा, "एक मिनिट भेटलं." तिकडची माणसं प्रवासाला निघण्याआधी सामान दाराशी ठेवून मिनिटभर गप्प बसतात म्हणे. पवनीला लग्नाला निघालो तरी हा आम्हाला ओसरीतल्या बाकावर बसवायचा.

"काहून बसाचं?"

"मन मांगं राह्यते गड्या. त्याले येऊ दे."

मग दिल्लीहून अनुवादकाच्या नोकरीसाठी मुलाखतीचं पत्र आलं. गाडी वरठीहून होती. मिनिटभर बसून आम्ही माझ्या मोटरसायकलवर निघालो आणि स्टेशनात पोचलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा दूर जाताना दिसला. पुन्हा पत्र आलं नाही.

ही गोष्ट मी पन्नास गावांत सांगितली. रशियन रीत पाळायला बसला नि नोकरी घालवून बसला. दरवेळी ते बसणं लांबत गेलं. शेवटी तर त्यात चहा आला, चिवडा आला, एक डुलकीही आली. पुढे त्याने ओसरीत रशियनची शिकवणी काढली, फुकट. एकच मुलगी आली. चौथ्या दिवशी तिचा बाप तिला घेऊन गेला. "बसाले शिकवते का माह्या पोरीले?" त्यानंतर कोणी फिरकलं नाही. बाक मात्र तो रोज पुसायचा.

आता लिहितो ते खरं आहे, माझ्यावर विश्वास ठेवायची कोणाला सवय नसली तरी. त्या दिवशी वरठीला जाताना मोटरसायकल लाखनीजवळ बंद पडली होती. पेट्रोल संपलं होतं. टाकी भरून ठेव, असं त्याने आदल्या दिवशी दोनदा बजावलं होतं, आणि मी विसरलो. माझी गोष्ट तो समोर बसून ऐकायचा, लोकांबरोबर हसायचा... एकदाही बोलला नाही.

तिरडी उचलायच्या वेळी ऊन चढत होतं, सगळ्यांना घाई. मी म्हटलं, "थांबा, एक मिनिट बसा." लोक हसले. मयतीत हसले, माझ्याच गोष्टीला. आणि त्याला घेऊन गेले.

आता कुठेही निघायचं असलं की मी आधी त्याच्या ओसरीत जातो. बाकावर धूळ असते, ती पुसतो, बसतो. मिनिट होऊन जातं. मन काही येत नाही.