बेचाळीस खऱ्या प्रती

छापील फॉर्म हाती आला की अक्का तो भरण्याआधी तपासत. लाल पेन्सिलीने! 'पतीचा व्यवसाय' या रकान्यावर काट मारून शेजारी 'अनावश्यक प्रश्न' असा शेरा देत. बसवनगुडीच्या पोस्टातला कारकून त्यांना लांबून पाहिलं की फॉर्मांचा गठ्ठा टेबलाखाली ढकलायचा. "भरायला मी तयार आहे की," अक्का म्हणायच्या, "पण विचारणाऱ्याने नीट विचारावं."

त्या बेळगावकडच्या. आमच्याहून दहा वर्षांनी मोठ्या, अविवाहित, आणि बंगळूरच्या आमच्या सरकारी प्रयोगशाळेत मिश्रधातू वितळवणाऱ्या भट्टीच्या अनभिषिक्त सम्राज्ञी. झरोक्यातून नुसती लाली पाहून त्या तापमान सांगत आणि मग मापकाला दम भरत, "बघ, स्वल्प मागे आहेस." मापक खरोखरच मागे असे. त्या भट्टीतून निघालेल्या शोधनिबंधांवर मात्र नाव आमच्या साहेबांचं. अक्का शेवटच्या ओळीत, आभारापुरत्या.

अशात अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाला त्याच्या निबंधातली चूक कळवणारं पत्र अक्कांनी धाडलं. गडी रागावला नाही. उलट 'इकडेच संशोधनाला या' म्हणाला. त्या देशाचा कायदाही नुकताच बदलला होता. कुशल वैज्ञानिकाला स्वतःच्या कामाच्या बळावर तिथे राहण्याची परवानगी मिळू लागली होती. अट अशी की काम तुमचंच आहे याचा पुरावा हवा. आणि पुरावा म्हणजे साहेबांचं पत्र.

साहेबही मराठी, पुण्याचे, बोलायला साखर. म्हणाले, "बाई, 'कष्टाळू मदतनीस' असं लिहून देतो. वाचायला किती छान वाटतं!"

"वाटेल की. पण मदतनिसाला ते परवानगी देत नाहीत, साहेब. शिवाय मी मदत नक्की कुणाला केली, तेही लिहावं लागेल."

पत्र मिळालं नाही.

आम्ही हळहळत बसलो. अक्का भट्टीचं रजिस्टर उघडून बसल्या. साहेब शिस्तीचे मोठे भोक्ते. भट्टीपाशी जो उभा असेल त्यानेच दर तासाला नोंद करून सही करायची, हा त्यांचाच नियम. आणि दर शनिवारी ते स्वतः प्रत्येक पानाखाली लिहीत, 'प्रयोग सही करणाऱ्याने एकट्याने केला. तपासले.' खाली झोकदार सही. सहा वर्षं! शिस्तीच्या भरात हा माणूस शनिवारच्या शनिवारी अक्कांना प्रमाणपत्र देत आला होता, आणि त्याला पत्ता नव्हता.

निबंधांतल्या आकड्यांशी जुळणारी बेचाळीस पानं अक्कांनी निवडली, मी ती दोन बोटांनी टाइप केली. आता त्यांवर 'खरी प्रत' म्हणून गॅझेटेड ऑफिसरचा सही-शिक्का हवा. तसे ऑफिसर बंगळुरात ढिगाने, आमचे साहेबही त्यांतलेच. मी तर सोपी युक्ती काढली, "अक्का, साहेबांच्या रोजच्या टपालात सरकवून देतो. ते न वाचता शिक्के मारतात."

"चोरून का रे? सह्या त्यांच्याच आहेत की!"

सोमवारी साहेबांच्या खोलीत दिल्लीचे दोन पाहुणे कॉफी पीत होते. अक्कांनी नेमका तोच मुहूर्त धरला. मागे रजिस्टरांची चळत छातीशी धरून मी. अक्कांनी मूळ पान उघडायचं, साहेबांचा शेरा खणखणीत इंग्रजीत वाचायचा, प्रत पुढे ठेवायची. पाचव्या पानाला साहेबांनी चष्मा काढला.

"बाई, हे नंतर पाहू."

"नंतर कशाला? ही सही आपली नाही का?"

पाहुण्यांनी कप खाली ठेवले. सही आपली नाही म्हणावं, तर सहा वर्षांची शिस्त खोटी. आपली म्हणावं, तर निबंध कुणाचे? साहेबांनी घाम पुसला आणि शिक्का उचलला. ठप्प! बेचाळीस वेळा ठप्प! मी आयुष्यात पुष्कळ तबलजी ऐकले, पण तसला ठेका पुन्हा कानी पडला नाही.

मद्रासच्या अमेरिकन वकिलातीतल्या अधिकाऱ्याने म्हणे विचारलं, "तुमच्यावर कोण अवलंबून आहे?" अक्का उत्तरल्या, "सध्या तरी आमचे साहेब." हा किस्सा खुद्द अक्कांनी सांगितलेला, त्यात थोडं मीठ माझंही धरा. पण काही महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं, त्यात मीठ नाही. त्यावर लिहिलं होतं, 'व्यवसाय: वैज्ञानिक संशोधक'. अक्कांनी ते आमच्याकडून तीनदा मोठ्याने वाचून घेतलं आणि तीनही वेळा खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

स्टेशनवर आम्ही तिघे सहकारी पोचवायला गेलो. गाडी हलली तसे आमचे चेहरे पडले. अक्का खिडकीतून ओरडल्या, "रडताय काय? तिकडे प्रयोगशाळेत भट्टी कोण बघतंय?"

त्याच आठवड्यात फलकावर सूचना लागली: भट्टीचं रजिस्टर यापुढे बंद. आम्ही तिघांनी पेठेतून जाड पुठ्ठ्याची वही आणली, रकाने आखले, तासातासाला नोंदी केल्या, सह्या ठोकल्या. शनिवारी वही साहेबांपुढे ठेवली. तोवर त्यांच्यासमोर 'हो साहेब'पलीकडे माझी जीभ कधी वळली नव्हती.

"आता याची गरज नाही, कळवलंय ना?" साहेब म्हणाले.

"आम्हाला आहे, साहेब," मी म्हणालो, आणि पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिलं.