काळं कुठं गेलं

आमच्या मजल्यावरच्या काकू कोणत्याही वस्तूवरून आधी उजव्या हाताचं बोट फिरवायच्या, मग ते उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, "बघा." एवढंच. काय बघायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. जिन्याचा कठडा, वाण्याकडची डाळ, सुनेनं घासलेलं पातेलं, सगळं त्या बोटाखालून जायचं. तुमच्याही शेजारी असं एखादं बोट असेलच.

ही नव्वदच्या दशकातली, बेलापूरमधली गोष्ट. आमची सोसायटी तेव्हा नवी होती. काकू साताऱ्याकडच्या. गॅसचं सिलिंडर आलं की त्या ते कवेत घेऊन उचलून पाहायच्या आणि आणणाऱ्याकडे नुसतं बघायच्या. तो बिचारा उगाचच खजील होऊन जायचा. मला सुट्टी गुरुवारी असे. भर दिवसा घरी पेपर वाचत बसलेला पुरुष म्हणजे नोकरी गेलेली, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि माझ्या बायकोला गुपचूप वाटीभर गरम चीक आणून दिला. संशय आणि माया त्यांच्याकडे एकाच डब्यात असायची.

चीक अर्थात कुरडयांचा. नवरा गेल्यापासून त्या उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे करून विकायच्या आणि त्यावर वर्ष काढायच्या. मार्चपासून आमची गच्ची त्यांच्या जुन्या साड्यांनी झाकलेली असे.

मग शेजारी काचेची कचेरी उभी राहिली. कोकणच्या उन्हात काचेचं घर बांधायचं, खिडक्या उघडणार नाहीत अशी सोय करायची आणि आत शिरलेलं ऊन बाहेर काढायला दिवसभर यंत्रं चालवायची, याला आधुनिकता म्हणतात असं आम्हाला कळलं. वीज गेली की आमचे पंखे थांबत आणि त्यांचा जनरेटर सुरू होई. त्याचा पाइप आमच्या गच्चीच्या दिशेला होता. एका उन्हाळ्यात काकूंच्या कुरडयांवर बारीक काळी कणी बसली. एका साडीवरच्या नव्हे, सगळ्या साड्यांवरच्या. काकूंनी माझ्या दारात येऊन बोट पुढे केलं. ते काळं झालं होतं.

तक्रारी झाल्या. पावसाळा संपल्यावर कचेरीचे व्यवस्थापक आमच्या सोसायटीच्या सभेला आले. सोबत समोसे, तुळशीची रोपं आणि 'पर्यावरणस्नेही इमारत' असं कोरलेली ढाल. पाइपाला नवी जाळी बसवली होती आणि तो उंचही केला होता. त्यांना आमच्या भिंतीलगत दुसरा जनरेटर ठेवायचा होता. त्यासाठी आमची लेखी संमती हवी होती. साहेबांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, सगळ्यांना गच्चीवर नेलं, कठडा पुसला आणि रुमाल फडकावून दाखवला. स्वच्छ. टाळ्या पडल्या. काकूंनी पुढे होऊन आपलं बोट फिरवलं. तेही स्वच्छ निघालं. काकू त्या बोटाकडे बघत राहिल्या. जन्मभराचा साक्षीदार उलटला असावा तशा.

"डिझेलचा टँकर यायचा बंद झाला का?" त्यांनी विचारलं.

"टँकर येणारच, मावशी. मशीन चालतंय ना."

"मग जळतंय तेवढंच. काळं तेवढं दिसंना झालंय."

साहेब समजुतीनं हसले. राहतो तो नुसता वायू, त्याला ना रंग ना वास, तो वर निघून जातो, असं त्यांनी सांगितलं.

"वर म्हंजे कुठं?"

"वर. आकाशात."

"तिथं कुनाची गच्ची न्हाई का?"

सभा हसली. साहेबही हसले, पण जिन्यात त्यांनी काकूंना बाजूला घेतलं. कँटीनसाठी त्यांचे पापड-कुरडया कायमचे घेऊ म्हणाले, सगळा माल. फक्त सोसायटी एकमताची दिसायला हवी. काकूंचं त्या वर्षीचं नुकसान सगळ्यांना ठाऊक होतं. हो म्हटलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती.

त्यांनी हातातला समोसा उलटा करून तळ पाहिला आणि म्हणाल्या, "एवढं साजूक हाय, तर माझी सही कशाला पायजे?"

बाकीच्यांच्या सह्या झाल्या. बहुमत पुरेसं ठरलं आणि दुसरा जनरेटर आला. पुढच्या उन्हाळ्यात काकूंनी गच्चीवर साड्या पसरल्याच नाहीत. काळं दिसत होतं तोवर झटकता येत होतं, आता काय झटकू, असं बायकोला म्हणाल्या. त्यांच्या कुरडया आता स्वच्छच निघाल्या असत्या, असं मी सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे सिलिंडरवाल्याकडे बघायच्या तसं बघितलं. मग मुलानं कामोठ्याला जागा घेतली. तिथली गच्ची मोकळी आहे म्हणून काकू गेल्या. जाताना साठवणीतल्या कुरडयांचा डबा दिला. झाकणावरून बोट फिरवून, मगच.

पुढे कामोठ्यातच त्या वारल्याचं कळलं. तिथंही शेजारी काचेची एक इमारत उठत होती म्हणे.

अजूनही दुपारी वीज गेली की मी कधीकधी गच्चीवर जातो. कठड्यावरून बोट फिरवतो. स्वच्छ निघतं. खाली फाटकातून टँकर आत शिरत असतो, दोन्ही जनरेटर एका सुरात घुमत असतात आणि पाइपाच्या तोंडातून काहीच बाहेर पडत नाही. फक्त त्याच्या पलीकडची पारसिकची टेकडी, तेवढ्याच जागी, तापल्या हवेत, पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी हलत असते.

बोट तसंच उजेडात धरून मी उभा राहतो. बघा म्हणायला शेजारी कुणी नसतं.