शेळ्यांना मारलेली हाक

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मला माझाच राग येतो. मी जाफराबादकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका शेतकऱ्याने फिर्याद दिली: बांधाच्या भांडणात चुलतभावाने माझ्या बायकोचा गळा दाबला, तेव्हापासून तिची वाचा गेली. बाई तिशीची. बोलायला जायची, पण नुसती हवा बाहेर यायची. फार तर कुजबुज.

वैद्यकीय तपासणी चौथ्या दिवशी झाली. वळ असलाच तर मावळला होता. घसा, स्वरयंत्र ठणठणीत. मी चक्रावलो. चुलतदीर छातीठोकपणे सांगत होता, "साहेब, म्या हात बी लावला न्हाई. नाटक करून राह्यली ती."

मग आमच्या बीट हवालदाराने खबर आणली. "साहेब, सकाळी माळावर शेळ्यांना हाका मारती. बिलकुल खणखणीत."

मी त्याला मोबाइलवर रेकॉर्डिंग करून आणायला लावलं. आवाज शिवारभर जाईल असा होता. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत खोटारडा ओळखायला मी चुकत नाही, अशी घमेंड होती. 'ब' समरी, म्हणजे फिर्याद खोटी असल्याचा अहवाल, टाइपही करून घेतला. तो मंजूर झाला की उलट त्या नवरा-बायकोवरच कारवाई होणार होती.

सही करण्याआधी दोघांना बोलावलं आणि महिला शिपायासमोर रेकॉर्डिंग लावलं. बाई रडेल, पाया पडेल, असं वाटलं होतं. ती मोबाइलकडे बघतच राहिली. मग नवऱ्याची बाही धरून कुजबुजली, "कोन हाय ही?"

मी हसलो. पण हसू टिकलं नाही. पकडलं गेलेलं माणूस आधी दाराकडे बघतं. ही मोबाइलजवळ कान नेत होती. माझं डोकंच चालेना. सही तशीच ठेवली आणि तिला घेऊन जालन्याला एका स्पीच थेरपिस्टबाईंकडे गेलो.

बाईंनी तिला खोकायला लावलं. खोकला खणखणीत. मी म्हणालो, "बघा, सापडली!"

त्या माझ्यावर उखडल्या. "अहो, यावरूनच तर निदान होतं. आवाजाचं यंत्र शाबूत आहे, पण बोलायला गेलं की तिला ते वापरता येत नाही. धक्क्यानंतर कधीकधी होतं असं. ती मुद्दाम करत नाही. शेळ्यांना हाक मारणं म्हणजे बोलणं नव्हे, ती आपोआप निघते, तिच्या ध्यानातही येत नाही. ते रेकॉर्डिंग मला द्या."

मग खोकल्यातून हुंकार, हुंकारातून शेळ्यांची हाक, हाकेला जोडून एकेक शब्द. "हेऽऽ ये. हेऽऽ ये गं." चौथ्या खेपेला हाक गळून पडली आणि नुसते शब्द राहिले. नवरा ओक्साबोक्शी रडला. मलाही भरून आलं.

ठाण्यात तिचा जबाब घेतला. "दोन्ही हातांनी दाबलं, मंग म्हनला, पुन्हा आवाज काढू नको." समोर बसलेल्या चुलतदिराने तो आवाज ऐकला आणि मान खाली घातली. थोड्या वेळाने सगळं कबूल केलं.

गळ्याला इजा नव्हती, तरी आवाज गेला होता. हे कुठल्या कलमात बसवायचं, मला आजही नीट उमगलेलं नाही. एवढंच शिकलो, की आपल्याला कळलं नाही म्हणजे समोरचा खोटा, असं धरून चालू नये.

जबाबावर सही करून ती उठली. "साहेब, मी 'कोन हाय ही' म्हनून विचारलं, तवा तुमी हसले व्हते," ती मोठ्याने म्हणाली. सगळ्या ठाण्याने ऐकलं.

चुलतदिराने घातली होती, तशीच मीही मान खाली घातली.