तळाचा गाळ

सातवी फेरी खिडकीपाशी संपली, तेव्हा ऑरेस्ट सर सलाइनच्या खांबाला टेकून उभे राहिले. "व्हर्ना, अजून किती गं?"

"दहा ठरल्यात. माघार नाही, सर."

पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी झोपी जातात. माणसाला चालवून चालवून ती जागी करायची, हा वॉर्डाचा रिवाज. सरांना पाच दिवस झाले, तरी काही हलेना. उद्या सकाळपर्यंत पोट मोकळं झालं नाही, तर पुन्हा कापावं लागणार होतं. त्यांचं हृदय ते सोसेल, असं कुणीच खात्रीनं सांगत नव्हतं.

तळ्याकाठच्या त्या गावात सरांनी अडतीस वर्षं लॅटिन शिकवलं. वॉर्डातली मदतनीस व्हर्ना त्यांच्याच वर्गात दोनदा नापास झालेली.

"आज कागदावर काय लिहिलंस?"

"'डेफिकेट'पुढे शून्य." शौचाचा तो रकाना सांगताना ती ओशाळली.

"लाजतेस काय! वर्गात शिकवला होता मी हा शब्द."

"छे! शिकवला असतात तर आम्ही हसून लोळलो असतो. तेवढा एक तरी मला आला असता."

सर पोटाशी उशी दाबून हसले. टाके दुखले. मग वर्गातल्या आवाजात म्हणाले, "'डेफिकेट' आला लॅटिन फाएक्सवरून. फाएक्स म्हणजे वाइनच्या तळाशी बसलेला गाळ. तो मागे ठेवून वाइन निवळ करायची, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. पूर्वी लोक मन निवळ करण्यालाही तोच शब्द वापरायचे. पोटाला तो फार उशिरा चिकटला."

नवव्या फेरीत प्रार्थनेच्या खोलीपाशी पाय अडखळले. व्हर्नानं काखेत हात घालून सावरलं आणि मनातल्या मनात येशूला हाक मारली.

"माझ्या बायकोनं, फिलोमेनानं, ऑक्टोबरात वाइनसाठी द्राक्षं चुरली, नाताळाआधी ती गेली," सर म्हणाले. "वाइन अजून गाळावरच आहे. जानेवारीतच वरची निवळ वाइन दुसऱ्या बाटलीत काढायला हवी होती. रोज तळघरात जायचो, दिवा लावायचो, परत यायचो. ती काढली की तिचं शेवटचं कामही संपलं, असं वाटायचं. आता मार्च लागला. आणखी राहिली तर नासेल."

"उद्या पोट हललं की घरी जाऊन तुम्हीच काढा."

सरांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. चुकलेलं उत्तर ऐकल्यावर बघायचे तसं.

"तळघराची किल्ली जिरेनियमच्या कुंडीखाली आहे. बाटली हलवायची नाही. वाइन ओढायची नळी तळाला टेकवायची नाही. वरची निवळ तेवढी घे. आणि पोरी, गाळ मोरीत टाकू नकोस. मागच्या वेलीच्या बुंध्याशी ओत. फिलोमेना तिथंच ओतायची."