पाक ससमितोंचा हो

लावेयान आळीत पाक ससमितोंना नाही म्हणताना कुणी ऐकलं नव्हतं. तसा आमच्या सोलो शहरात तोंडावर नाही म्हणणारा माणूस विरळाच. पण बाकीचे निदान डोकं खाजवतात, "बघू" म्हणतात, घरी पाहुणे आल्याची थाप मारतात. पाक ससमितो सरळ हो म्हणत. प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं मास्तरकी केली ती अशीच, आणि निवृत्तीनंतरही गावातल्या प्रत्येक लग्नात खुर्च्या मांडायला हेच, कारण विचारलं की हो.

त्यांच्या होचा अर्थ लावणारं माणूस जगात एकच होतं, त्यांची बायको बू मारसिनी. आमच्याकडे मोठ्या पुरुषाला मानाने पाक म्हणतात आणि बाईला बू. आळीच्या गामेलान मंडळात, पितळी घंटा-थाळ्यांच्या वाद्यमेळात, ती गायची. "यांचे हो चार प्रकारचे," ती बायकांना सांगायची. "पहिला म्हणजे ऐकलं. दुसरा म्हणजे आता पुरे. तिसरा म्हणजे जीव गेला तरी करणार नाही. आणि चौथा खरा. तो वर्षातून एकदा येतो, बहुतेक फणसाच्या भाजीला." लोक पाक ससमितोंना विचारून घेत आणि मग तिच्याकडे बघत. ती नुसती भुवई उडवून निकाल द्यायची.

ती जाऊन तीन वर्षं झाली. शेवटच्या वर्षी, गळा साथ देत होता तोवर, तिने आपली त्रेचाळीस गाणी नवऱ्याला म्हणून दाखवली आणि त्यांनी ती लॅपटॉपवर उतरवून घेतली. आमच्याकडे सूर आकड्यांनी लिहितात. वरच्या सुराच्या डोक्यावर ठिपका, खालच्या सुराच्या पायाशी ठिपका. ही ठिपक्यांची अक्षरं, म्हणजे कॉम्प्युटरचा फॉन्ट, त्यांच्या शाळेतल्या एका सोबत्याने स्वतः तयार करून दिली होती, आणि तो सोबतीही आता देवाघरी गेला होता. गाणी छापून घ्यायचं आज-उद्या करत राहूनच गेलं. आता लॅपटॉपही थकला होता. पंखा भाताच्या गिरणीसारखा घरघरायचा आणि मधेच पडदा काळा पडायचा. काही करून ती त्रेचाळीस गाणी नव्या लॅपटॉपवर न्यायची, एवढाच ध्यास पाक ससमितोंनी घेतला होता.

सल्ले द्यायला तिघं होती. जाकार्तातली मुलगी, रात्री तिचं नाव, फोनवर म्हणाली, "बापाक, मी वापरते तसा पांढरा घेऊन देते. सफरचंदवाला. दहा वर्षं बघायला नको." पाक ससमितो म्हणाले, "हो." दुकानदार कोह लिओंग म्हणाला, "पाक, तुमचा हात विंडोजला बसलाय. हा काळा तुमच्यासाठी बाजूला ठेवू का?" त्यालाही हो. पुतण्या बागास तांत्रिक शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा आणि लिनक्सचं नाव निघालं की त्याला जेवण सुचायचं नाही. "पाकदे," तो काकांना म्हणाला, "विकत कशाला घ्यायचं? फुकट आहे, हलकं आहे. आधी तुमच्या जुन्यावर विंडोजच्या जागी घालून देतो. आवडलं तर नव्यावरही तेच." पाक ससमितोंनी लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं. ते म्हणाले, "हो."

हा हो तिसऱ्या प्रकारचा होता. पण भुवई उडवणारं आता कोण होतं?

शनिवारी बागास लॅपटॉप परत घेऊन आला. सगळ्या फायली जपून उतरवून घेतल्या होत्या त्याने. फक्त त्या सोबत्याची अक्षरं वेगळीच कुठेतरी बसवलेली असतील, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही, आणि ती जुन्या विंडोजबरोबर पुसली गेली. पाक ससमितोंनी पहिलं गाणं उघडलं. मधले सूर जागच्या जागी होते. जिथे जिथे ठिपका होता, तिथे एक रिकामा चौकोन.

"कसं वाटतंय, पाकदे?"

"छान. पंखासुद्धा वाजत नाही."

पोरगा खूश होऊन घरी गेला. पाक ससमितो त्या चौकोनांकडे बघत बसले. आठवून भरावेत, तर त्यांना कान होता, गळा नव्हता, आणि बायकोचे सूर अंदाजाने लिहिणं त्यांना पाप वाटलं. चहा निवून गेला. मग ते लहान मुलासारखे रडले. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, एका हो पायी.

रविवारी सकाळी आळीच्या सभागृहात मंडळ जमलं. बागास घंटेवर, बायका आपापल्या पितळी वाद्यांशी, आणि समोर स्टुलावर लॅपटॉप. टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणारी बू पारियेम वाकून बघायला गेली आणि ओरडलीच.

"अगंबाई! पाक, ह्या पानांना काय कसर लागली की काय?"

"हो हो, चालायचंच."

बागासने मान लांब करून पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "पाकदे! काल का नाही सांगितलंत?"

"तू इतक्या हौसेने केलं होतंस."

"अहो, हौसेने काय! शिव्या घालायच्या ना मला!"

"मास्तर आणि शिव्या?" बू पारियेम म्हणाली. "त्यापेक्षा म्हैस झाडावर चढेल. सरक तिकडे. यात वाचायचंय काय? मारसिनीने हे मला टेंपे चिरता चिरता शिकवलंय." आणि ती पहिल्या चौकोनावर बोट ठेवून गायला लागली. बोट चौकोनावर आलं की आवाज कधी खाली उतरायचा, कधी वर चढायचा. एकदाही चुकला नाही. पाक ससमितो पुटपुटले, "खालचा सहा. वरचा एक. वरचा दोन."

बागास घंटा सोडून धावत आला. "थांबा, थांबा! हे चौकोन दिसायला सारखे आहेत, पण मशीनच्या पोटात प्रत्येकाचा नंबर वेगळा आहे. खालचे सात, वरचे सात. तेवढे ओळखले की मी अक्षरं नव्याने बनवतो. सगळी गाणी परत येतील!"

त्या दिवशी सराव झाला नाही. बायका एकेक गाणं म्हणत होत्या, पाक ससमितो सूर सांगत होते, बागास लिहून घेत होता. दुपारपर्यंत तेरा चौकोनांची ओळख पटली. चौदावा त्रेचाळीस गाण्यांत कुठे सापडलाच नाही. "वरचा चार," बू पारियेम म्हणाली. "तो तिला कधीच आवडला नाही. नाक मुरडायची."

पुढच्या रविवारी बागासने लॅपटॉप उघडला तेव्हा सहाच्या पायाशी ठिपका होता. पाक ससमितोंनी त्यावर बोट फिरवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

तेवढ्यात लेकीचा, म्हणजे रात्रीचा, फोन आला, चेहरा दिसणारा. "बापाक, पांढरा आजच मागवते."

"अगं, मला हो म्हणालेत ते!" बागास म्हणाला. "लिनक्सला!"

"मला आधी म्हणालेत!"

"आणि कोह लिओंगने काळा बाजूला ठेवलाय, त्याचं काय?" बू पारियेमने पुस्ती जोडली.

सगळे पाक ससमितोंकडे बघू लागले. ओठांवर सवयीने हो आलाच होता. त्यांनी डावीकडे पाहिलं, जिथे बू मारसिनी बसायची. तिथे नुसती चटई होती.

"नको," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"नको, पोरी. पांढरा नको. माझा हात तिकडे वळणार नाही. आणि बागास, तू बनवलेली अक्षरं घेईन, पण तुझं लिनक्सही नको. रागावू नको रे. मला काळा हवा, विंडोजवाला. ज्यावर तुझ्या काकूची गाणी लिहिली, अगदी तसा."

 मग बू पारियेम त्या चटईकडे वळून म्हणाली, "मारसिनी, ऐकलंस का गं? नको म्हणाले!"

फोनमध्ये रात्री हसत होती आणि डोळेही पुसत होती. "बापाक, मग मी येऊ का पुढच्या आठवड्यात? आपण दोघं जाऊन आणू."

"हो," पाक ससमितो म्हणाले.

चौथ्या प्रकारचा. तो ओळखायला त्या दिवशी कुणालाच भुवई लागली नाही.