झोपाळ्याला टांगलेल्या झांजा

वैशाखातली दुपार कलंडू लागली की पश्चिमेच्या बारीतून – खिडकीला आम्ही बडोद्याची मराठी माणसेही बारीच म्हणायचो – उन्हाची एक तिरपी पट्टी माजघरात शिरायची आणि झोपाळ्याच्या कड्यांना कातडी वादीने टांगलेल्या झांजांवर पडून तिचे तुकडे व्हायचे. भिंतीवर, छताच्या वाशांवर, देवांच्या तसबिरींवर, पोळ्या लाटणाऱ्या आईच्या पाठीवर पिवळी वर्तुळे फिरत राहायची... कुणी हात लावलेला नसला तरी. वारा पडलेला असला तरी त्या झांजा किंचित वळत, थांबत, उलट्या फिरत. झोपाळ्याची फळी काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. मला बसायला जागा नव्हती आणि घरात कुणालाच बसवत नव्हते.

जुन्या महाराजांच्या कारकिर्दीची ती अखेरची वर्षे. आमच्या घराण्यातले पुरुष पूर्वी संस्थानच्या फौजेत होते. पुढे लढाया सरल्या, भाले खुंटीला लागले आणि आजोबांपासून आमच्या घरात बँड आला. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, छोटा ड्रम वाजवीत. आणि आईचा धाकटा भाऊ, दौलतमामा, त्याच बँडमध्ये झांजा वाजवी. त्या दोघांचे आईवडील लवकर गेले म्हणून आईने त्याला लग्नानंतर लगेच बडोद्याला आणले होते. मी जन्मायच्या आधीपासून तो आमच्याकडेच राहत होता. त्याच्यावाचून आमचे घर कसे असेल हे मला ठाऊकच नव्हते. संध्याकाळी दोघे मेव्हणे लाल कोट घालून वाडीतल्या आमच्या दोन खोल्यांमधून एकदम बाहेर पडत, तेव्हा पितळी बटणांना लावलेल्या लिंबाच्या रसाचा आंबूस वास बराच वेळ दारात रेंगाळे.

त्या उन्हाळ्यात बँडमास्तर साहेबांनी एक नवी गोष्ट काढली. राजवाड्यात पाहुणे येत, त्यांना नाचासाठी विलायती धर्तीचे संगीत हवे असे. त्या संगीतात एकच माणूस खुर्चीवर बसून सगळे वाजवतो – मोठा ड्रम पायाने, छोटा हाताने, आणि झांजाही तोच. एक-दोन टांगलेल्या, काठीने वाजवायच्या, आणि दोन एका दांडीवर समोरासमोर बसवलेल्या, खालची कळ पायाने दाबली की एकमेकींना भेटणाऱ्या. ड्रम आणि दांड्या येऊन पडल्या होत्या. झांजा मात्र मुंबईच्या व्यापाऱ्याने पेटीभर पाठवल्या होत्या. हव्या त्या ठेवा, उरलेल्या परत करा म्हणून. निवड आबांवर सोपवली होती, कारण खुर्चीवर तेच बसणार होते. बँडच्या खोलीत सदा कुणी ना कुणी शिंग फुंकत असे, तेव्हा साहेबांच्या परवानगीने आबांनी ती पेटी टांग्यात घालून घरी आणली.

एका माणसाने सगळे वाजवायचे म्हटल्यावर झांजांसाठी वेगळा माणूस लागत नाही, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. तरीही आबांनी ते मामाला स्वतः सांगितले. पेटी दारात उतरवून घेतल्यावर, पाणीसुद्धा न पिता.

"दौलतराव, पावसाळ्यानंतर तुमची जागा राहणार नाही. साहेब आजच बोलले. तुम्ही म्हणत असाल तर मी सांगतो त्यांना, मला हे जमणार नाही म्हणून."

मामा पायरीवर बसून बुटाला पॉलिश करीत होता. त्याने बुटात घातलेला हात काढला नाही.

"मग ते सुरतेहून कुणाला तरी आणतील, दाजी. एकाच्या जागी दोघे घरी बसू."

तेवढे बोलून त्याने दुसरा बूट ओढला. आई उंबऱ्यात उभी होती. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिले, एकदा भावाकडे, आणि आत निघून गेली. त्या क्षणापासून आमच्या घराला जी तगमग लागली, ती काही केल्या जाईना.

मामा घरात थांबेनासा झाला. सकाळी उठून तो विश्वामित्रीच्या काठाने चालत सुटे. दुपारी परत येई, ताटावर बसे, दोन घास खाऊन उठे. आई त्याच्या ताटात न मागता वाढायची आणि उरलेले न बोलता उचलायची. रात्रीचे जेवण झाले की तो अंथरूण अंगणात नेई. मी मागून जाऊन विचारले होते, "मामा, तू गावी जाणार का?" तर म्हणाला, "गावी आता आहे कोण, इंदू? जाऊन कुणाच्या दारात उभा राहू?" हे उत्तर ऐकून मला धीर यायला हवा होता. पण तो हे बोलताना सारखा रस्त्याकडे बघत होता...

आणि इकडे माजघरात आबा झांजा निवडत होते. पेटीतल्या भाताच्या तुसाचा आणि जुन्या वर्तमानपत्रांचा वास घरभर सुटला होता. तूस पायाला चिकटून स्वयंपाकघरात, देवघरात, थेट पांघरुणात पोहोचले होते. एकेक झांज कागदातून निघे. काही तुर्की, पातळ, काळसर, अंगभर हातोडीचे ठोके मिरवणाऱ्या. काही चिनी, कडा वर वळलेल्या, वाजवल्या की भुंकल्यासारख्या. काही इकडच्याच, जाड पितळेच्या, सोन्यासारख्या झळझळीत. आबांचा हात ड्रमवर सरस होता. कातड्याचा ताण त्यांना बोटाच्या पेरांनी कळे. पण धातूशी त्यांचा परिचय नव्हता. ते दोन झांजा टांगत, काठीने वाजवत, काढत, दुसऱ्या दोन टांगत. जी जास्त चमके, जास्त गरजे, ती त्यांना बरी वाटे; मग लगेच शंका येई. झण्ण... झण्ण... अशा आवाजाने दुपारची झोप गेली, सकाळच्या पूजेतली शांतता गेली. शेजारचे मणिभाई गोयागेटच्या रेल्वे कारखान्यात होते – आज त्या भागाला प्रतापनगर म्हणतात. ते पाळीवरून येऊन झोपत. एकदा डोळे चोळत दारात उभे राहिले आणि म्हणाले, "दाजीभाई, आ बधुं क्यारे पूरुं थशे?" आबांनी हात जोडले. हे कधी संपणार ते त्यांनाही माहीत नव्हते.

पेटी परत जायचा दिवस जवळ आला. त्या संध्याकाळी आबांनी दोन मोठ्या झांजा शेजारीशेजारी टांगल्या आणि एकीमागून एक वाजवल्या. दोघींचे आवाज मिळाले आणि मिळताच थरथरू लागले, लाटेसारखे वर-खाली, वर-खाली. माझ्या दातांत मुंग्या आल्या. आबांनी पुन्हा वाजवल्या. पुन्हा तेच. मामा अंगणात बाजेवर पडून होता. त्याने कूस बदलली, उठून बसला, परत आडवा झाला. आबांनी तिसऱ्यांदा वाजवल्या, तेव्हा तो उठला, पायात वहाण न घालता आत आला आणि आबांच्या हातातली काठी त्याने काढून घेतली.

"दाजी, पुरे. कानात खडा गेल्यासारखं होतंय." त्याने दोन्ही झांजा तळहातांनी धरून गप्प केल्या. "दोघींचे स्वर फार जवळचे आहेत, म्हणून एकमेकींच्या पायात येतात. एक राहू द्या. दुसरी हिच्यापासून लांबची शोधायची."

आबा बाजूला झाले. मामा पेटीपाशी मांडी घालून बसला. झांज उचलायची, मधल्या भोकात बोट घालून लोंबती धरायची, नखाने कडेला टिचकी मारायची आणि आवाज पुरता मरेपर्यंत थांबायचे – हे त्याचे काम तो करू लागला, तेव्हा इतके दिवस त्याच्या अंगात भरलेली ती चुळबुळ कुठे गेली ते मला कळले नाही. त्याने एक मोठी, काळपट, दिसायला अगदी कळाहीन अशी तुर्की झांज काढली आणि टांगली.

"ही ओरडत नाही, पसरते. शिंगं वाजत असली तरी त्यांच्या खालून जाईल." मग बऱ्याच शोधानंतर एक छोटी. "आणि ही लगेच बोलते, लगेच गप्प होते. मोठीचं बोलणं चालू असताना हिचं बोलून झालं पाहिजे. वाजवा आता. मी बाहेरून ऐकतो. जवळून सगळ्याच बऱ्या वाटतात."

तो गल्लीच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. आबांनी वाजवले. मामाने लांबून हात हलवला – ही नको, छोटी बदला. पुन्हा वाजवले. मणिभाई झोप सोडून ओट्यावर येऊन बसले होते. "मने तो बधुं सरखुं लागे छे, दौलतभाई," ते म्हणाले; त्यांना सगळे सारखेच वाटत होते, तरीही शेवटपर्यंत उठले नाहीत.

पायाच्या कळीवरची जोडी राहिली होती. व्यापाऱ्याने त्यासाठी दोन अगदी सारख्या झांजा जुळवून पाठवल्या होत्या. आबांनी त्या दांडीवर चढवल्या, पाय दाबला, तर आवाजाऐवजी नुसता फुस्स असा हवेचा सुस्कारा निघाला. मामा हसला. कितीतरी दिवसांनी.

"हातात धरून वाजवताना मी त्या कधी सरळ भेटवत नाही. सरळ भेटल्या की मध्ये हवा कोंडते. एकीला जरा तिरकं धरायचं." त्याने खालच्या झांजेखालचा स्क्रू फिरवून तिला किंचित कलते केले. "आणि दोघी सारख्या कशाला? खालची जड हवी, वरची हलकी." आबांनी नको म्हणून तुसात परत टाकलेल्या जाड पितळी झांजांमधली एक त्याने उचलली, खाली बसवली, वर एक पातळ तुर्की. आबांनी पाय दाबला. चिक् – इतका स्वच्छ, इतका थोडका आवाज आला की आम्ही सगळेच जरा पुढे वाकलो.

तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला कणीक होती.

"दौलत, तू हे कुणाच्या हातात देतोयस, कळतंय ना तुला?"

मामाने वर पाहिले नाही. तो दांडीची चावी घट्ट करीत होता.

"कळतंय, आक्का. पण चुकीच्या निवडून मला काय मिळणार? रोज संध्याकाळी त्या वाजणार. मला या गावातच राहायचंय. ऐकाव्या तर लागतीलच."

आई तशीच उभी राहिली. मग ती खाली बसली आणि कणकेच्या हाताने डोळे पुसू लागली. आबांनी काठ्या मांडीवर ठेवल्या. मला वाटते, त्या घरात पुरुषांची समजूत काढायची रीत कुणाला माहीत नव्हती. आबा एवढेच म्हणाले, "दौलतराव, पुन्हा एकदा बाहेरून ऐका." आणि मामा पुन्हा गल्लीच्या टोकाशी गेला.

पावसाळा सरला. बागेतल्या बँडस्टँडवर आबा पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसले, त्या दिवशी मामा आमच्याबरोबर आला नाही. आईने मला आणि माझ्या धाकट्या भावाला नेले. गुलाबपाण्याचा, ओल्या गवताचा, खारे शेंगदाणे भाजणाऱ्याच्या कढईचा वास... आणि त्या सगळ्यावर तरंगत जाणारी ती काळपट झांज. लोक माना डोलावत होते. मी मात्र सारखी मागे वळून बघत होते. परतताना फाटकाबाहेर, कुंपणाला पाठ लावून मामा उभा असलेला दिसला. साधा सदरा, डोक्यावर टोपी. घरापर्यंत तो आमच्या मागून चालत आला. आबा आले तेव्हा कोट काढण्याआधीच त्यांनी मामाकडे पाहिले.

"छोटी थोडी कमी वाजवा," मामा म्हणाला. "बाकी ठीक."

त्याला बिऱ्हाड हलवू द्यायला आई तयार नव्हती, आणि मामाला बसून खायला मान्य नव्हते. मधले काही महिने तसेच गेले. तो सावली गावाकडे कुणाच्या तरी शेतावर राखणीला गेला आणि परत आला. एका कापडाच्या दुकानात बसला, तिथेही टिकला नाही. मग एकदा मणिभाई आले. त्यांच्या कारखान्यात रेल्वेगाडीच्या चाकांवर हातोडी मारून चीर पडली आहे का ते आवाजावरून ओळखणारा माणूस हवा होता. "तमारा जेवो कान अमारे त्यां कोईनो नथी," ते मामाला म्हणाले; असा कान त्यांच्याकडे कुणाचाच नव्हता. मामा दुसऱ्याच दिवशी त्यांच्याबरोबर गेला, आणि तिथे राहिला.

पुढे संस्थान गेले, बँड मोडला. ड्रम कुठे गेले, झांजा कुणी नेल्या, कुणालाच सांगता आले नाही. आबा गेले, आई गेली, मामाही गेला. मांजलपूरच्या ज्या सोसायटीत मी आता राहते, तिथे वाडीतली ती गल्ली ओळखणारे कुणी नाही. मामाचे नाव घेतले की मला आठवते ती मात्र माझ्या लग्नानंतरची सकाळ. मी गोयागेटहून डभईच्या छोट्या गाडीने पहिल्यांदा सासरी निघाले होते. डब्यात अनोळखी माणसे, अंगावर नवे लुगडे, मांडीवर नारळाची ओटी. गाडी सुटायला अवकाश होता. खालून ठण्... ठण्... असा आवाज जवळ येत होता, आमच्या डब्याखाली आला, पुढे गेला. मी वाकून पाहिले, तर लांब दांड्याची हातोडी घेतलेला मामा. त्याने मला पाहिले होते, पण तो थांबला नाही. शेवटच्या डब्यापर्यंत गेला, दुसऱ्या अंगाने तपासत परत आला, आणि मगच माझ्या बारीशी उभा राहिला. हात तेलाने माखलेले होते म्हणून त्याने ते मागे धरले.

"निवांत बस, इंदू," तो म्हणाला. "सगळी चाकं मी स्वतः ऐकलीत."

गाडी हलली. मी हात बाहेर काढून हलवत राहिले. मामा फलाटावर हातोडी टेकवून, मान थोडी वाकडी करून उभा होता. त्याचे माझ्याकडे लक्ष नव्हते. तो चाके ऐकत होता.