गुणांची महागाई

'महागाई सर' हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, आणि सरांना ते चक्क आवडायचं. नव्या मुलांना अर्थशास्त्राची तोंडओळख करून देणं हे त्यांचं काम, त्यातही चलनवाढ हा हातखंडा. माल तेवढाच राहिला आणि नोटा छापत सुटलं की नोटेची पत उतरते, हे ते इतक्या तळमळीने सांगत की मागच्या बाकावरचेही जागे होत. निदान कूस तरी बदलत.

विषय ऐच्छिक होता. वीसपेक्षा कमी नावं आली तर तो बंद आणि सरांची रवानगी प्रवेश कार्यालयात, असा विद्यापीठाचा नियम. एका वर्षी शेजारच्या वर्गात जाहिरातशास्त्र सुरू झालं. तिथे नुसती हजेरी लावली तरी पंच्याऐंशी गुण पडतात, अशी बातमी फुटली आणि सरांची पोरं तिकडे पळू लागली. सरांना स्पर्धेचा धडा आठवला. त्यांनीही हात सैल सोडला. जाहिरातवाल्यांनी नव्वद केले, सर ब्याण्णववर गेले. उत्तरपत्रिका मात्र होत्या तशाच होत्या. चलनवाढीवरचं व्याख्यान त्या वर्षी विशेष रंगलं.

मग त्यांची भाची त्यांच्याच वर्गात आली. शिकायला ती मामाकडेच राहायची. पोरगी खरोखर हुशार. पहिल्या सत्रात तिला त्र्याण्णव पडले, आणि ज्याने पुस्तकाचं तोंड पाहिलं नव्हतं त्याला एक्याण्णव. जेवताना तिने विचारलं, "मामा, खरं सांगा. मला किती पडायला हवे होते?"

"अडुसष्ट."

"आणि बाकीच्यांना?"

"त्यांचं नको विचारूस."

"मग तेच द्या ना. मी पहिली आले हे निदान मला तरी कळेल."

नसत्या फंदात पडू नका, असं मामीने बजावलं. पण सरांच्या अंगात तत्त्व संचारलं होतं. दुसऱ्या सत्रात त्यांनी खरे गुण दिले. भाची अडुसष्टवर पहिली आली. विषयाच्या पुढच्या वर्षासाठी नावं आली ती भाचीला धरून बरोबर वीस. दर्जा जपला की गिऱ्हाईक टिकतं, असा निष्कर्ष सरांनी त्यावरून काढला.

तेवढ्यात शिष्यवृत्तीचे अर्ज निघाले. पंच्याहत्तरच्या खाली गुण असले की संगणक अर्ज उघडतच नव्हता. सर विभागप्रमुख बाईंकडे गेले. आमचे अडुसष्ट म्हणजे बाहेरच्या पंच्याण्णवांच्या तोडीचे, हे त्यांनी फळ्यावर आलेख काढून समजावलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, हा विनिमय दर ठरवला कोणी? तुम्हीच ना?"

संध्याकाळी भाचीने विषय बदलण्याचा अर्ज सरांपुढे ठेवला. जाहिरातशास्त्र.

"आवडतं तुला ते?"

"अजिबात नाही. पण पुढच्या वर्षी तरी मला शिष्यवृत्ती हवीय, मामा. पहिली आल्याचं कळलं, तेवढं पुरे."

पालक म्हणून सही सरांचीच लागत होती. हा निर्णय किती तर्कशुद्ध आहे, ग्राहकाने नेमकं असंच वागायला हवं, हे त्यांनी सही करता करता मामीला नीट समजावून सांगितलं. मामीने मान डोलावली आणि आता वर्गात किती जण उरले ते विचारलं.

"एकोणीस," असं म्हणून सरांनी पेनाला टोपण लावलं.